दादाला स्किझोफ्रेनिया आहे, मग मला किंवा माझ्या मुलांना होईल का?

प्रश्न थोडक्यात असा. लिहिणारी मुलगी २८ वर्षांची, राहणार इंदूर, बँकेत नोकरीला. मोठ्या भावाला, म्हणजे दादाला, नऊ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येणं, लोक आपल्याबद्दलच बोलतात असं वाटणं, असा गंभीर मानसिक आजार) आहे. आईचे एक मामा ग्वाल्हेरला होते, त्यांनाही ‘असंच काहीतरी’ होतं आणि त्यांची शेवटची वर्षं तिथल्या मानसिक आरोग्यशाळेत गेली, हे घरात आत्ता कुठे बोललं गेलं. पुण्याचं स्थळ आलंय, मुलगा पसंत आहे. वडील म्हणतात, काही सांगायचं नाही. आत्या म्हणते, हे सगळं तुझ्या आजोळाकडून आलं. आईला झोप नाही. त्यातच कोणीतरी सुचवलं की लाळेचा नमुना पाठवून जनुकांची तपासणी करून घ्या, रिपोर्ट चांगला आला की प्रश्नच मिटला. तर मला होईल का, माझ्या मुलांना होईल का, तपासणी करू का, आणि सासरच्यांना सांगायचं का, असे चार प्रश्न तिनं विचारले आहेत.

आधी उत्तरं देते, खुलासा मागाहून. तुम्हाला हा आजार होण्याची शक्यता चारचौघांपेक्षा जास्त आहे, पण तो न होण्याचीच शक्यता कितीतरी मोठी आहे. तुमच्या मुलांना होण्याची शक्यता त्याहूनही कमी. ती लाळेची तपासणी करू नका. आणि सासरी सांगा, साखरपुड्याच्या आधी सांगा.

आता आकडे. कोणत्याही माणसाला आयुष्यात स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता साधारण १०० मध्ये १ धरतात. विसाव्या शतकात युरोपात कुटुंबांचे जे अभ्यास झाले त्यांची बेरीज-वजाबाकी केली तर सख्ख्या भावंडाला असेल तर १०० मध्ये ९, आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर १३, आणि दोघांनाही असेल तर ४६ असे आकडे निघाले. पाठ्यपुस्तकांत आणि इंटरनेटवर हेच फिरतात. पुढे डेन्मार्कमध्ये सगळ्या देशाच्या रुग्णालय-नोंदी वापरून २०१० मध्ये हिशेब झाला. त्यात एका पालकाला आजार असलेल्या मुलांत ७, दोघांना असलेल्यांत सुमारे २७ आणि कोणालाच नसलेल्यांत १ पेक्षा थोडं कमी असं दिसलं. फरक पडतो तो आजाराची व्याख्या किती घट्ट धरली आणि लोकांवर किती वयापर्यंत लक्ष ठेवलं यामुळे. म्हणून रुग्णाच्या घरच्यांना मी एकच आकडा देत नाही, पट्टा देते.

भावंडांचा ९ हा आकडा जन्मापासून पुढच्या सगळ्या आयुष्याचा आहे, आणि तुम्ही २८ वर्षांच्या आहात. पुरुषांत हा आजार बहुतेक वेळा १८ ते २५ च्या दरम्यान डोकं वर काढतो. बायकांत काही वर्षं उशिरा, आणि पंचेचाळिशीच्या पुढे त्यांच्यात आणखी एक छोटा उंचवटा दिसतो. जोखमीचा बराचसा काळ तुम्ही शिकत, नोकरी करत, दादाला सांभाळत पार केला आहे. उरलेली जोखीम शून्य नाही, पण ती ९ च्या बरीच खाली आली आहे.

दादा तुमच्या मुलांचा मामा होणार. आपल्याकडे मूल जरा हट्टी निघालं की लगेच ‘मामावर गेलंय’ म्हणतात, आणि तुमच्या आईंच्या मनात नेमकं तेच वाक्य घोळत असणार. भाचरांसाठी हा आकडा १०० मध्ये साधारण २ ते ४ आहे. दादाचं लग्न झालं आणि त्याला मुलं झाली, तर त्यांची जोखीम ७ ते १३ च्या पट्ट्यात येईल. हा फरक घरात कोणी करत नाही. ‘घराण्यात आहे’ म्हटलं की सगळ्यांना एकाच मापानं मोजतात.

ग्वाल्हेरच्या आजोबांचं काय? ते तुमच्या आईचे मामा, म्हणजे तुम्हाला बरेच लांबचे. त्यांचा आजार खरोखर स्किझोफ्रेनियाच असेल तर हिशेब किंचित वर सरकतो, दुप्पट-तिप्पट होत नाही. शिवाय तो आजार कोणता होता हे कोणाला माहीत आहे? त्या काळी मानसिक रुग्णालयांत मेंदूपर्यंत पोचलेला सिफिलिस असायचा, फिट्स येणारी माणसं असायची, उन्माद आणि नैराश्याच्या फेऱ्यांतून जाणारे असायचे, आणि ज्यांना घर उरलेलं नाही असेही असायचे. सगळ्यांवर एकच शिक्का बसे. म्हणून ‘असंच काहीतरी’ एवढ्यावर मी थांबत नाही. काय बोलायचे, बोलणं तुटक होतं का, मधली काही वर्षं पूर्ण बरी गेली का, नोकरी किती टिकली, जेवणखाण-आंघोळ स्वतः करायचे का, हे विचारते. मधे पाच-सात वर्षं माणूस पूर्णपणे कामाला लागलेला असेल तर माझा कल दुसऱ्या आजाराकडे झुकतो.

हे विचारायची माझी रीत वंशवृक्षाची आहे. कोरा कागद घ्यायचा, पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आजार असलेल्याला काळा भरायचा, तीन पिढ्या मांडायच्या. पहिल्या दहा मिनिटांत कागदावर एकच काळा चौकोन असतो, समोर बसलेल्या मुलाचा. ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ हे सगळे एकसुरात सांगतात. मग सून रिपोर्टची झेरॉक्स काढायला बाहेर जाते, आणि आजी खुर्ची जरा पुढे ओढतात. ‘धारच्या काकू होत्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांच्या अंगात यायला लागलं. महिनाभर झोपल्या नाहीत. मग एक दिवस विहिरीत...’ एवढं बोलून त्या दाराकडे बघतात. बाहेरची बाधा, संन्यास घेतला, घर सोडून नर्मदेच्या परिक्रमेला गेले ते आलेच नाहीत, लग्न ठरत नव्हतं म्हणून तसेच राहिले: आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत आजार या नावांनी जगत आला. म्हणून मी ‘कोणाला वेड होतं का’ असं विचारत नाही, ‘कोणी घर सोडून गेलं का, कोणी जिवाचं बरंवाईट केलं का, बाळंतपणानंतर कोणाची तब्येत बिघडली का’ असं विचारते.

धारच्या काकूंसारखी गोष्ट ऐकली की मी बायपोलरचा, म्हणजे उन्माद आणि नैराश्याच्या फेऱ्यांच्या आजाराचा, विचार करते, कारण बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत उसळणारा असा आजार बहुधा त्या गोत्रातला असतो. पण तो गोल कागदावरून पुसत नाही. स्वीडनमध्ये २० लाखांहून जास्त कुटुंबांच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या रक्ताच्या नातलगांत बायपोलरही जास्त आढळतो, आणि उलटही खरं. आमच्या पुस्तकांत हे दोन आजार वेगळ्या प्रकरणांत असतात, जनुकं ती प्रकरणं मानत नाहीत.

आता त्या ‘८० टक्के आनुवंशिक’ या वाक्याबद्दल, कारण तुम्हीही ते वाचलेलं असणार. डेन्मार्कच्या जुळ्यांच्या २०१८ च्या अभ्यासात हा आकडा ७९ आला. याचा अर्थ रुग्णाच्या १०० मुलांपैकी ८० जणांना आजार होतो, असा नाही. एखाद्या लोकसमूहात कोणाला आजार होतो आणि कोणाला नाही, या फरकामागे जनुकांतल्या फरकाचा वाटा किती, एवढंच तो आकडा सांगतो. उंचीचं बघा. उंची याहूनही थोडी जास्तच आनुवंशिक आहे, तरी उंच बापाची मुलगी बेताची असते, आणि एकाच घरातली दोन भावंडं एका मापाची नसतात, कारण उंची ठरवणाऱ्या हजारो बारीक गोष्टींपैकी कोणती कोणाच्या वाट्याला आली हे प्रत्येक गर्भाच्या वेळी नव्यानं वाटलं जातं. स्किझोफ्रेनियाचा कलही असाच वाटला जातो.

त्याच डॅनिश अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण ३३ टक्के निघालं, साध्या, म्हणजे एकसारख्या नसलेल्या, जुळ्यांत ७. एकसारखे जुळे म्हणजे एकाच बीजाचे दोन भाग, जनुकं जवळजवळ अक्षर न् अक्षर सारखी. तरीही तीनातल्या दोघांना आजार होत नाही. हे वाक्य मी आईवडिलांना दोनदा सांगते, कारण पहिल्यांदा ते कानावरून जातं.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. डेन्मार्कमध्येच ज्या जुळ्यांपैकी एकाला आजार होता आणि एकाला नव्हता, त्यांच्या मुलांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १९८९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की निरोगी जुळ्याच्या मुलांतही आजाराचं प्रमाण आजारी जुळ्याच्या मुलांइतकंच होतं. म्हणजे जनुकांतला कल गप्प बसून पुढच्या पिढीत जाऊ शकतो. तुम्ही निरोगी आहात म्हणून तुमच्याकडे त्यातलं काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. तुमचे वडील निरोगी आहेत म्हणून त्यांच्याकडून काही आलं नसेल, असंही कोणाला म्हणता येणार नाही.

आणि इथे आत्यांच्या आरोपाचं उत्तर आहे. या आजारासाठी एक जनुक नाही. २०१४ मध्ये सुमारे ३७ हजार रुग्णांच्या अभ्यासातून जनुकसंचातल्या १०८ जागा सापडल्या. २०२२ मध्ये रुग्ण ७६ हजारांवर आणि तुलनेचे निरोगी लोक २ लाख ४३ हजारांवर गेले, तेव्हा अशा जागा २८७ झाल्या. यातल्या बहुतेक जागांवरचा बदल जोखीम काही टक्क्यांनीच वरखाली करतो, आणि तसे शेकडो बदल तुमच्यात, माझ्यात, आत्यांच्यातही आहेत. दादाच्या वाट्याला त्यांची मोठी ओंजळ आली, आणि ती दोन्ही हातांनी भरली गेली: निम्मी आईकडून, निम्मी वडिलांकडून. आजोळी एक आजारी माणूस दिसतो म्हणून सगळं तिकडून आलं असं ठरवणं म्हणजे जे दिसलं तेवढंच मोजणं. शिवाय काही बदल आईवडिलांपैकी कोणाकडेच नसतात, बीज तयार होताना नव्यानं घडतात, आणि वडिलांचं वय जास्त असेल तर असे नवे बदल जास्त असतात. ‘तुमच्याकडून आलं’ या वाक्याला जनुकशास्त्रात आधार नाही, हे कृपा करून आईंना वाचून दाखवा. आत्यांनाही.

आईंच्या मनात आणखी एक काटा असू शकतो: मी कडक होते म्हणून, नोकरी करत होते म्हणून, त्याला लहानपणी आजीकडे ठेवलं म्हणून झालं. ही शंका त्यांना एकट्यांनाच छळते असं नाही, आमच्याच क्षेत्रानं ती काही दशकं पसरवली होती. १९४८ मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी स्किझोफ्रेनिया घडवणारी आई अशी कल्पना मांडली आणि पुढच्या दोन पिढ्यांतल्या आयांनी तिची शिक्षा भोगली. १९६६ मध्ये लिओनार्ड हेस्टन यांनी अमेरिकेत ४७ अशी माणसं शोधली, ज्यांच्या जन्मदात्या आईला हा आजार होता पण ज्यांना जन्मानंतर तीन दिवसांच्या आतच आईपासून दूर करून दुसरीकडे वाढवलं होतं. त्यांतल्या ५ जणांना आजार झाला. तसंच दुसरीकडे वाढलेल्या, पण आईला आजार नसलेल्या ५० जणांत एकालाही झाला नाही. ज्या आईनं त्यांना वाढवलंच नाही, तिच्या वागण्याचा दोष त्यात कसा निघणार? संगोपनाला काहीच महत्त्व नाही असं मात्र नव्हे. फिनलंडमध्ये दत्तक मुलांच्याच अभ्यासात पुढे दिसलं की ज्यांच्यात जन्मजात कल होता, त्यांच्यासाठी घरचं वातावरण शांत असणं विशेष उपयोगी पडलं. दोष देणं वेगळं आणि मदत होणं वेगळं.

जनुकं नेमकं करतात काय, हेही थोडं सांगते, कारण ‘का झालं’ हा प्रश्न तेवढ्यानं जरा हलका होतो. सापडलेल्या जागांपैकी बऱ्याचशा चेतापेशींच्या आपसातल्या जोडण्यांशी संबंधित आहेत. सहाव्या गुणसूत्रावर सी-४ नावाचं जनुक आहे, शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतलं. बोस्टनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की ज्यांच्यात त्याचा एक प्रकार जास्त काम करतो त्यांच्यात जोखीम थोडी जास्त असते, आणि उंदरांत हेच जनुक मेंदूतल्या जादा जोडण्या छाटण्याच्या कामात भाग घेतं. अशी छाटणी प्रत्येक मुलाच्या मेंदूत किशोरवयात होत असते, ती व्हायलाच हवी. ती गरजेपेक्षा जास्त झाली तर काय, हा त्यातून निघणारा विचार आहे. आजार नेमका अकरावी-बारावी-कॉलेजच्या वर्षांत का उगवतो, याच्याशी तो जुळतो, पण अख्ख्या आजाराचं उत्तर म्हणून मी तो कोणाला विकणार नाही. ‘स्किझोफ्रेनियाचं जनुक सापडलं’ अशा बातम्या मी पूर्वीही वाचल्या आहेत. स्कॉटलंडच्या एका कुटुंबात पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल झालेले होते, त्यावरून २००० मध्ये डिस्क-१ हे जनुक गाजलं. त्या कुटुंबापुरतं ते खरं असेल, पण हजारो सामान्य रुग्णांत त्याचा मागमूस लागला नाही.

म्हणूनच लाळेची तपासणी करू नका म्हटलं. त्या पाकिटातून जो आकडा येतो तो शेकडो-हजारो बारीक बदलांची बेरीज असते. २०२२ च्या त्या मोठ्या अभ्यासातली सर्वोत्तम बेरीजसुद्धा आजाराकडच्या कलातला सुमारे ७ टक्केच फरक समजावू शकते, आणि तेही युरोपीय वंशाच्या लोकांत. ज्यांच्यावरून ती बेरीज बांधली ते बहुतेक युरोपीय, थोडे पूर्व आशियातले. आपल्याकडच्या लोकांचा त्यात वाटा जवळजवळ नाही, त्यामुळे आपल्यावर ती आणखी ढिली बसते. तुमचा रिपोर्ट ‘कमी जोखीम’ आला तरी दादाची बहीण म्हणून असलेला हिशेब पुसला जात नाही. ‘जास्त’ आला तर तुम्ही काय कराल? करण्यासारखं काही नाही, फक्त एक छापील कागद घरात राहील आणि तो केव्हातरी कोणाच्या तरी हातात पडेल. बंगळूरुला निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत ज्या घरांत एकापेक्षा जास्त जणांना गंभीर मानसिक आजार आहे अशा कुटुंबांचा अभ्यास चालतो. तशा संशोधनात सहभागी होणं चांगलं, पण त्यातून तुमच्या लग्नाचं उत्तर मिळायचं नाही.

एक तपासणी मात्र मी स्वतः सांगते, सगळ्यांना नाही. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो असा एक प्रकार आहे, साधारण ४००० जन्मांत एक. अशा मुलांपैकी मोठेपणी चारातल्या एकाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. एका जागेचा एवढा मोठा परिणाम दुसरीकडे क्वचितच दिसतो. सगळ्या रुग्णांत असे १०० मध्ये एकही भरत नाहीत, पण जो असतो तो ओळखायचा कसा हे माहीत असावं. रुग्ण बोलायला लागला की आवाज नाकातून येतो. शर्टाच्या वरच्या बटणाआडून छातीवरचा जुना उभा व्रण दिसतो, लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेलं असतं. टाळू फाटलेला असतो किंवा आतून अधू असतो. शाळेत गणित कधी जमलेलं नसतं. रक्तात कॅल्शियम कमी निघतं, त्यामुळे कधी फिट आलेली असते. अशी दोन-तीन चिन्हं एकत्र दिसली तर फिश किंवा मायक्रोअॅरे ही गुणसूत्राचे बारीक गळालेले तुकडे शोधणारी तपासणी करायला हवी. साध्या गुणसूत्र-तपासणीत हा तुकडा सहसा निसटतो. दहातल्या नऊ जणांत हा बदल नव्यानं झालेला असतो, आईवडिलांत नसतो. पण त्या व्यक्तीच्या मुलांना तो जाण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून तिथे आनुवंशिक समुपदेशन खरंच कामाचं आहे. दादाचं यातलं काही असेल तर मला कळवा. नसेल तर विषय संपला.

सख्ख्या मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्नाचा विषय असता, तर वेगळं बोलले असते, कारण मग दोन्हीकडून तीच ओंजळ यायची शक्यता वाढते. पुण्याच्या मुलाचं तसं काही नाही.

ज्यावर आपला हात चालतो अशा गोष्टी थोड्या आहेत, पण आहेत. गांजा ही पहिली. स्वीडनमध्ये १९६९-७० ला सैन्यात भरती झालेल्या ४५ हजार तरुणांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. भरतीपूर्वी ५० हून जास्त वेळा गांजा-चरस ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट होतं. ज्या घरात आधीच कल आहे त्या घरातल्या १५-१६ वर्षांच्या मुलानं यापासून लांबच राहायला हवं. आपल्याकडे भांग सरकारी ठेक्यावर मिळते, महाशिवरात्रीला घरात घोटली जाते, त्यामुळे तिला कोणी नशा समजत नाही. तीही त्याच झाडाची. तुमच्या मुलांच्या बाबतीत, चुलत-मामे भावंडांच्या बाबतीत, हे मोकळेपणानं सांगायचं: मामाला असा आजार आहे, म्हणून आपल्या घरात हे नको. दुसरी गोष्ट, उशीर न करणं. चांगला शिकणारा मुलगा अचानक मागे पडला, रात्र रात्र जागा, खोलीचं दार बंद, आंघोळ टाळतो, लोक आपल्याबद्दलच बोलतात असं वाटतं, असं काही आठवडे चाललं तर मांत्रिकाकडे, ज्योतिषाकडे जाण्यात महिने घालवू नयेत. आपल्या इंदुरात एम.वाय. रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, आणि घरातून फोनवर बोलायचं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

लग्नाबद्दल. कायद्याच्या दृष्टीनं भावाचा आजार हा तुमच्या लग्नातला मुद्दाच नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराची जी अट आहे ती वर आणि वधू यांच्यापुरती आहे. दादाचं लग्न करायचं झालं तर मात्र लपवणं महागात पडू शकतं, तिथे फसवणुकीच्या कारणानं विवाह रद्द करून मागता येतो. तुमच्यासाठी सांगणं ही विश्वासाची बाब आहे. मी इतक्या घरांत पाहिलंय की साखरपुड्याच्या दिवशी आजारी मुलाला मावशीकडे पाठवून देतात, लग्नात ‘तो बंगलोरला असतो’ म्हणतात. ते महिन्याभरात कळतंच. मग आजारापेक्षा लपवल्याचा राग मोठा असतो, आणि तो सुनेवर निघतो.

मध्यस्थाकरवी सांगू नका, वडिलांकरवीही नको. एक-दोनदा भेट झाली, मन जुळतंय असं वाटलं की तुम्ही स्वतः मुलाला सांगा. शब्द साधे ठेवा: ‘माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे, नऊ वर्षांपासून औषधं चालू आहेत, तो आमच्याबरोबर राहतो आणि पुढेही त्याची जबाबदारी काही प्रमाणात माझ्यावर असेल.’ हा शेवटचा भाग लोक गाळतात, पण तुमच्या संसारावर आकड्यांपेक्षा त्याचाच परिणाम जास्त होणार आहे. मुलांच्या जोखमीबद्दल त्यानं विचारलं तर वरचे आकडे सांगा, हवं असेल तर दोघं मिळून माझ्याकडे किंवा पुण्यातल्या कोणत्याही मनोविकारतज्ज्ञाकडे जा. तो नाही म्हणाला तर वाईट वाटेल, खूप वाटेल. तरी ते आत्ता वाटलेलं बरं.

‘अशा घरात लग्नच करू नये’ असं कोणी म्हणालं, तर त्यांना जर्मनीची आठवण द्या. १९३३ मध्ये तिथे कायदा करून आनुवंशिक ठरवलेल्या आजारांच्या लोकांची सक्तीनं नसबंदी झाली, त्या यादीत स्किझोफ्रेनिया होता. पुढे १९४० पासून रुग्णांना मारलंही. लाखो माणसं भरडली गेली, आणि आजार त्या देशातून गेला नाही. जाणारच नव्हता, कारण बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांपैकी कोणालाच हा आजार नसतो.

तुमच्या पत्रात एक ओळ मला या सगळ्यापेक्षा जास्त खटकली. दादा दोन वेगवेगळी औषधं घेऊनही अजून आवाजांशी बोलतो आणि ‘आता यापुढे काही होत नाही’ असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलंय. दोन औषधं पुरेशा मात्रेत, प्रत्येकी निदान सहा आठवडे, न चुकवता घेऊनही फरक नसेल तर क्लोझापिन या औषधाचा विचार करायला हवा. अशा रुग्णांत ते बाकीच्या औषधांहून चांगलं काम करतं. त्यात पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका असतो, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, आणि या कटकटीमुळेच ते सुचवलं जात नाही किंवा घरचे नको म्हणतात. लाळेच्या पाकिटावर जे पैसे जाणार होते ते या रक्ततपासण्यांवर घाला.

येताना त्याच्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या घेऊन या. नसतील तर एका कागदावर औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आणि का बंद केलं, एवढं आईंकडून लिहून आणा. वजन, साखर आणि रक्ताची साधी तपासणी आधीच करून ठेवा. लग्नघर म्हणजे पाहुणे आणि जागरणं, त्यात त्याच्या गोळ्या चुकल्या आणि झोप गेली की ऐन कार्यात तब्येत बिघडते. म्हणून नवं औषध सुरू करायचं असेल तर तारीख ठरायच्या आधी करू, आणि त्या आठवड्यात त्याच्या गोळ्या कोण देणार, रात्री दहाला त्याला कुठे झोपवायचं, हे आत्ताच एका माणसावर सोपवा. शक्यतो वडिलांवर.